डीजेच्या बॅनरवर कवीचे नाव कुठे?

१४ एप्रिल जवळ आला की औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, भीमगीतांचे नवे ‘मिक्स’ येऊ लागतात. एखाद्या पोराचा पहिला अल्बम निघाला की सगळी वस्ती खूश होते. मीही होतो. डीजे म्हटले की नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. रात्री १० नंतर आवाज बंद, हे २००० च्या नियमांनी ठरलेच आहे. तो वाद इथे नको.

ज्या टेक्नोच्या ठेक्यावर ही मिक्स बांधली जातात, तो ठेका मुळात शोषितांचाच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉईट भागातल्या ह्वान अॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन या काळ्या तरुणांनी तो घडवला. १९८८ साली लंडनहून त्यांच्या संगीताचा संग्रह ‘टेक्नो’ या नावानेच निघाला. पुढे युरोपात त्याची बाजारपेठ झाली. तिथे नाचणाऱ्या किती जणांना डेट्रॉईट ठाऊक आहे? १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेणाऱ्या आपल्या चळवळीला हे नवे नाही.

पण आपण तरी वेगळे काय करतो? बॅनरवर डीजेचे नाव हातभर मोठे, आणि शब्द ज्याचे तो कवी गायब! वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, म्हणजे वामनदादांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत, त्यांच्या शब्दांवरचा हक्क जिवंत आहे. मूळ रेकॉर्डिंग कापून वापरायचे तर त्याच्या मालकाची परवानगी वेगळीच. आणि हक्क कंपनीला विकला तरी कलम ५७ प्रमाणे कर्तेपणाचा दावा कवीकडेच राहतो. त्याच्या पश्चात वारस तो लढवू शकतात.

काही वर्षांपूर्वी एका शाहिराची मुले माझ्याकडे आली होती. पुरावा म्हणून हातात कॅसेटचे कव्हर. त्यावर कंपनी होती, गायक होता, बाप नव्हता. छापील प्रतीवर ज्याचे नाव असते त्यालाच कायदा प्रथम कर्ता मानतो, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून नाव छापणे हा मोठेपणा नाही, तो दस्तऐवज आहे. डीजे बांधवांनो, तुमच्या पहिल्या अल्बमवर एक ओळ कवीसाठी ठेवा. उद्या तुमचे मिक्स कुणी उचलले तर असाच कागद तुम्हालाही लागेल.

त्या मुलांना मी वडिलांची हस्तलिखित वही शोधायला सांगितले. ती गावाकडच्या पेटीत सापडली, निम्मी वाळवीने खाल्लेली.