विहिरीचा जमाखर्च

शेलारास पाण्याची वाण असते असें सांगितलें तर घाटावरील माणूस हंसेल. भिवंडी तालुक्यांतील हें गांव. शेजारून कामवारी वाहते, आणि वर्षाचा पाऊस सुमारें अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें शंभर इंच. तरीही वैशाखांत आमच्या परसांतील विहीर तळ दाखविते. यंदां पुतण्यानें विषय काढला, "काका, तीनशें फुटांची बोअर मारून घेऊं, टँकरची वाट रोज कोण पाहणार?" घरांतील स्त्रियांचा कौल त्याच्याकडेच पडला, आणि तो अवाजवी म्हणवत नाहीं, चौदा माणसांत पाणी पुरवून वापरण्याचा भार त्यांच्यावरच असतो.

आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली. त्या अवधींत मन वारंवार हिवरे बाजाराकडे गेलें. पूर्वींच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हें गांव. पाऊस चारशें मिलिमीटरच्या आसपास, आमच्या सहाव्या हिश्श्याइतका. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील माणसें पोटासाठीं बाहेर पडूं लागलीं. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें डोंगरउतारावर समपातळींत चर खणले, ओढ्यांवर बांध घातले, कुऱ्हाड व मोकाट चराई बंद केली. पण आमच्या मतें खरी करामत चरांत नसून वहींत आहे. गांव पाऊस मोजतें व दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतें. आधीं माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी, मग उरेल त्यावर पिकें ठरावयाचीं. उंसास मनाई, आणि शेतीसाठीं बोअर मारण्यासही मनाई. पुरंदर तालुक्यांत नायगांवीं कै. विलासराव साळुंखे यांनीं त्याच दुष्काळानंतर उभारलेली पाणी पंचायत तर याहून पुढें गेली: पाण्याचा वांटा जमिनीच्या मानानें नव्हे, माणशीं, भूमिहीनासही हक्क.

बोअरला मनाई कां, हें पुतण्यास समजावितांना आमची जुनी मास्तरकी उपयोगी पडली. आपल्या पायांखालीं थिजलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. पाणी मावतें तें वरच्या झिजलेल्या मुरमांत व खालच्या भेगांत, तेवढेंच. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गलाध्यायांत भूमिगत पाण्यास शरीरांतील शिरांची उपमा दिली आहे. त्यांतील साऱ्याच खुणांवर आमचा भरंवसा नाहीं, पण उपमा या पाषाणास चपखल बसते. आमची बोअर जी शीर गांठील तीच शेजारच्या विहिरीसही पाजीत असण्याचा संभव आहे. आणि शेजारीं तीन पिढ्यांचा घरोबा.

आमच्याकडील रोग निराळा. पाऊस उदंड, पण तो चार महिन्यांत कोसळतो व खाडीस मिळतो. त्यांत अंगणें फरशीचीं झालीं. आमचें छप्पर सुमारें हजार चौरस फूट. पंचमांश वायां गेला असें धरलें तरी एका पावसाळ्यांत १ लाख ८५ हजार लिटर पाणी त्यावरून उतरतें. माणशीं रोज शंभर लिटर धरल्यास चौदा माणसांस चार महिने पुरेल इतकें! हा हिशेब ऐकून वहिनीसाहेबांनीं विचारलें, "पण जमिनींत सोडलेलें पाणी वैशाखापर्यंत आपली वाट पाहील का?" प्रश्न बिनतोड होता. सगळें राहणार नाहीं. कांहीं शेजाऱ्याकडे, कांहीं नदीकडे जाईल. म्हणून वीस हजार लिटरची टांकी निराळी बांधावयाची ठरली.

पहिल्या दोन-तीन सरींचें पाणी सोडून द्यावयाचें, पुढचें खडी, वाळू व कोळसा यांच्या थरांतून गाळून विहिरींत उतरवावयाचें. अंगणाचें व रस्त्याचें पाणी मात्र विहिरीजवळ फिरकूं द्यावयाचें नाहीं. गाड्यांचें तेल व कारखान्यांची घाण एकदां भूमींत शिरली म्हणजे काढतां येत नाहीं. पुतण्यानें अट घातली: एक वर्ष पाहूं, न जमल्यास बोअर. आम्हीं ती मान्य केली.

दर रविवारीं तो गांठी मारलेला दोर विहिरींत सोडतो आणि आमच्या जुन्या हजेरीपत्रकांत आंकडा लिहितो. पहिली नोंद आहे, वैशाख वद्य पंचमी, पाणी सव्वा फूट.