हाड भरले, आता जपा

वरची दाढ पडली की तिथले हाड झिजते आणि गालामागची सायनसची पोकळी खाली उतरते. मग इम्प्लांटच्या स्क्रूला धरायला हाडच उरत नाही. ते आधी भरावे लागते. बॉइन आणि जेम्स यांनी ही पद्धत १९८० मध्ये मांडली. भरलेले हाड पक्के व्हायला साधारण सहा महिने लागतात, घाई नको. ते जनावराचे असेल तर कोणत्या, हे आधीच विचारा. कृत्रिम पर्यायही मिळतो.

असे दात नीट जपले तर दहा वर्षांहून जास्त टिकतात. त्यांना कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजली की हाड पुन्हा झिजते. मिसरी, तंबाखू आणि वाढलेली साखर त्यांचे वैरी. अम्मी-अब्बांना दुखत नसले तरी तपासणीला न्याच.