अनुभवाचे मोल, पण निवृत्तीनंतर

जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागा भरल्या जाईपर्यंत निवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२३ मध्ये घेतला. त्यासाठी वयोमर्यादा ७० वर्षे ठेवण्यात आली. रखडलेल्या शिक्षकभरतीतून निघालेली ही तात्पुरती सोय होती; तरीही तिच्यातून एक कबुली मिळाली. वर्गावर अनुभवी शिक्षक हवा असेल तर पैसा मोजावा लागतो, ही ती कबुली. प्रश्न इतकाच की, हा पैसा शिक्षक ५८ व्या वर्षी घरी गेल्यावर मोजायचा, की तो सेवेत असताना?

सेवेतील अनुभवाची दखल घेणारी व्यवस्था राज्यात नाही असे नाही. शिक्षकांच्या बोलण्यात ‘चटोपाध्याय’ म्हणून ओळखली जाणारी वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांच्या सेवेनंतर मिळते. निवड वेतनश्रेणीसाठी २४ वर्षे लागतात आणि तीही २० टक्के पदांपुरतीच. मात्र किती वर्षे शिकविले, हे पाहणाऱ्या या श्रेणी कुठे शिकविले, हे पाहत नाहीत. पुण्यालगतच्या शाळेतील १२ वर्षे आणि धडगावच्या पाड्यावरील १२ वर्षे त्यांच्या लेखी सारखीच.

आदिवासी व नक्षलग्रस्त भागांसाठी २००२ मध्ये एकस्तर वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता देण्याचे ठरले. पण भत्त्याला १,५०० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली. मूळ वेतन १० हजारांच्या पुढे गेले की हे १५ टक्के कागदावरच राहतात. दुसरीकडे, बदली धोरणानुसार अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षे काढली की बदलीचा अधिकार मिळतो. म्हणजे दुर्गम शाळेतील सेवेचे सर्वांत मोठे बक्षीस कोणते, तर तेथून सुटका! शिक्षकाच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. परंतु मुलांची बोली समजू लागलेला शिक्षक त्याच सुमारास निघून जातो आणि त्या जागी पुन्हा नवखा येतो.

या संदर्भात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे २००१ पासून तीन वर्षे, गरीब वस्तीतील वा मागे पडलेल्या माध्यमिक शाळांत गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण हे विषय शिकविणाऱ्यांना वर्षाला १,८०० डॉलर जादा देण्यात आले. शिक्षकांच्या गळतीचे प्रमाण सरासरी १७ टक्क्यांनी घटले आणि सर्वाधिक प्रतिसाद अनुभवी शिक्षकांचा होता. मात्र पात्रतेचे निकष अनेकांपर्यंत नीट पोहोचलेच नाहीत आणि अल्पावधीत योजनाही गुंडाळली गेली.

यातून महाराष्ट्राने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जादा वेतन पदाला नव्हे, शाळेला जोडलेले असावे. तेथे राहिलेल्या प्रत्येक वर्षागणिक ते वाढावे आणि टक्केवारीला रुपयांची कात्री लागू नये. अर्थात, केवळ पैशाने सारे साधणार नाही. निवाऱ्याची सोय, स्वतःच्या मुलांचे शिक्षण आणि अशैक्षणिक कामांचे ओझे यांचाही विचार शिक्षक करतोच. पण निवृत्तांना परत बोलाविण्याची तयारी दाखविणाऱ्या सरकारने, सेवेतल्यांना थांबविण्यासाठीही तीच तयारी दाखवायला हवी. अन्यथा अनुभव शहराकडे सरकत राहील आणि दुर्गम भागातील विद्यार्थी दर तीन वर्षांनी नव्या शिक्षकाची ओळख करून घेत राहतील.