प्राथमिक शिक्षकाची घडण आणि सीमेवरची बोली

शिक्षक हा जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. वाक्य ऐकायला गोड आहे. पण ज्याने खेड्यातल्या पहिलीच्या वर्गात चाळीस मुलांसमोर एक सकाळ काढली आहे, तो ते सहसा उच्चारत नाही. कवी जन्मावा लागत असेल. प्राथमिक शिक्षक मात्र सुतारासारखा किंवा वैद्यासारखा शिकूनच तयार होतो. तेव्हा खरा प्रश्न असा की, त्याला आपण शिकवतो काय?

हा प्रश्न मी तिऱ्हाईताच्या नात्याने विचारीत नाही. पन्नासएक वर्षांपूर्वी निपाणीच्या बाजूला मी स्वतः दोन वर्षांचा अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला. त्याला आमच्याकडे नुसते ‘ट्रेनिंग’ म्हणत, आणि तो पुरा करणाऱ्याला ‘ट्रेंड मास्तर’. बालमानसशास्त्र, अध्यापनपद्धती, शाळाव्यवस्थापन, फळ्यावरचे अक्षर, तक्ते रंगवणे, कवायत, असे सर्व काही त्यात होते. सर्वांत मोठा धाक मात्र सराव पाठांचा. आदल्या रात्री पाठाचे टाचण काढायचे: उद्दिष्टे, प्रस्तावना, विषयविवेचन, फलकलेखन, उपयोजन, स्वाध्याय. सकाळी ते वर्गात पार पाडायचे, आणि मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक वहीत काय लिहितात इकडे एक डोळा ठेवायचा.

अशाच एका पाठाला मी तिसरीच्या वर्गावर उभा होतो. गाव तंबाखूचे; निम्म्या मुलांच्या आया वखारीत कामाला जाणाऱ्या. मी प्रश्न विचारला आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उत्साहाने अर्धवट उभी राहून म्हणाली, “गुरुजी, मी सांगतो!” मी ताबडतोब तिला थांबवले. “‘सांगतो’ नव्हे, ‘सांगते’ म्हणावे. तू काय मुलगा आहेस?” वर्ग खो खो हसला. मुलगी खाली बसली. उत्तर तिला येत होते की नाही, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. कारण त्यानंतरच्या माझ्या कोणत्याही पाठाला तिने हात वर केला नाही. निरीक्षकांनी माझ्या वहीत शेरा लिहिला, “भाषेतील दोष तत्परतेने दुरुस्त केला. उत्तम.” त्या पाठाला मला चांगले गुण पडले. ती वही अजून माझ्यापाशी आहे, आणि तो शेरा वाचताना आजही मला कानकोंडे होते.

वाचकांनी क्षणभर आपल्या घराकडे पाहावे. कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांतून आपल्या आज्या ‘अंबाबाईला जाऊन येतो’ असेच म्हणत आल्या. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज ह्या सगळ्या पट्ट्यात बायकांच्या तोंडी ‘येतो’, ‘जातो’, ‘करतो’ ही रूपे सर्रास आहेत. कानडीत तर ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ ह्या दोहोंना क्रियापदाचे एकच रूप आहे. शतकानुशतके दोन भाषा एका बाजारात बसल्या, एका विहिरीवर पाणी भरीत राहिल्या, तिथे एकीचा वारा दुसरीला लागला तर नवल कसले! अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द कानडीतून आले म्हणून व्याकरणाच्या पुस्तकांत आपण कौतुकाने पाठ करतो. शब्द घेतला तर ती भाषेची श्रीमंती, आणि वखारीत राबणाऱ्या आईच्या मुलीने क्रियापद घेतले तर तो दोष, हा न्याय मला त्या दिवशी कोणी शिकवला? माझ्या ट्रेनिंगने शिकवला, असे म्हणणे सोपे आहे. अधिक खरे सांगायचे तर, माझ्या ट्रेनिंगने त्याविषयी काहीच शिकवले नव्हते, आणि ती मोकळी जागा माझ्या अहंकाराने भरून काढली.

शिक्षकाच्या घडणीचा विचार आपल्याकडे नवा नाही. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शिकवण्याचे काम हाती घेतले त्या काळात अहमदनगर आणि पुणे येथे त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, असा आग्रह आहे. असा शिक्षक मुलांत मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल, आणि वेळ पडली तर नांगराच्या मुठीला हात लावायला लाजणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा ही गरज आपल्या दाराशी आली. सक्ती मुलावर करता येते. पण मुलाला वर्गात रमवणारा माणूस हुकमाने निपजत नाही, तो तयारच करावा लागतो.

आजचा अभ्यासक्रम माझ्या वेळेपेक्षा पुष्कळ सुधारला आहे, हे कबूल केले पाहिजे. डी.एल.एड. ह्या नावाने तो सर्व देशात दोन वर्षांचा असतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने 2014 साली जे निकष ठरवले, त्यांत प्रत्यक्ष शाळेत घालवायचे किमान 20 आठवडे घातले. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिलेल्या निकालाने तर असे ठरले की, बी.एड. ही पदवी प्राथमिक वर्गांवर शिकवण्याची पात्रता ठरत नाही. मला हा निकाल मोलाचा वाटतो. लहान मुलांना शिकवणे हे मोठ्यांना शिकवण्याचे सोपे रूप नव्हे, ती वेगळीच विद्या आहे, ही गोष्ट गावोगावचे जुने मास्तर कधीपासून सांगत आले होते.

तथापि, सीमेवरच्या वर्गापुरते बोलायचे तर मूळ प्रश्न अजून तिथेच आहे. कोल्हापूरहून निघून कागल मागे टाकले की कोगनोळीपाशी राज्य बदलते. निपाणीला लागून असलेले देवचंद कॉलेज 1961 सालापासून चालू आहे. त्याच्या पत्त्यात तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, आणि नित्याचा बाजारहाट मात्र कर्नाटकातल्या निपाणीत! जिथे कॉलेजाची ही स्थिती, तिथे सहा वर्षांच्या मुलाच्या जिभेवर सीमारेषा कोठून असणार? घरी एक बोली, शेजारी दुसरी, पुस्तकात तिसरी. बेळगाव शहरात तर मराठी, कानडी, उर्दू आणि कोकणी ह्या चारही भाषा एका गल्लीत नांदतात.

1 नोव्हेंबर 1956 ह्या दिवसाची आठवण सीमाभागात आजही दुखऱ्या नसेसारखी आहे. त्या दिवशी भाषावार राज्यरचना अमलात आली आणि चंदगड सोडून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत 350-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. ज्या दिवसाने माणसे अल्पसंख्य केली, त्याच दिवसाने त्यांच्या मुलांना हे वचन दिले. त्याआधी 1949 साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मापही घालून दिले होते: वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले अन्य मातृभाषेची असली, तर त्या भाषेचा एक शिक्षक द्यावा.

माप चांगले आहे. पण ते डोकी मोजते. जो शिक्षक येईल तो कोणत्या भाषेतून तयार झाला, मुलाच्या घरची बोली त्याच्या कानावरून कधी गेली आहे काय, हे त्या मापात बसत नाही. कर्नाटक शासन मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापते. इकडे बालभारती कानडी माध्यमाची छापते. पुस्तके आहेत, शाळाही आहेत. मात्र पुस्तक आणि मूल ह्यांच्या मधला माणूस जर दुसऱ्याच भाषेत बालमानसशास्त्र घोकून आला असेल, तर त्याच्या टाचणातले मूल आणि समोरचे मूल ह्यांची गाठ पडायची कशी?

ह्याचे एक उदाहरण गणितातले देतो. कारण भाषेचा प्रश्न भाषेच्या तासापुरताच असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो: पाच आधी, वीस मागून. लिहिताना मात्र 2 आधी, 5 मागून. त्यामुळे पंचवीस ऐकून 52 लिहिणारे मूल दुसरीच्या प्रत्येक वर्गात सापडते. कानडीत ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस आणि पाच. बोलणे आणि लिहिणे एकाच क्रमाने. आपले ‘एकोणतीस’ तर तिसातून एक वजा करायला लावते; कानडीत ते सरळ ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस आणि नऊ. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला, हे वाचकांना आठवत असेल. त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. जोडाक्षरे टाळावीत की नाहीत, मराठी बुडणार की तरणार, ह्यावर रकानेच्या रकाने भरले. पण निपाणीच्या आठवडी बाजारात आईबरोबर हिशेब करणारे पोर हे दोन्ही क्रम रोज ऐकते, ही गोष्ट त्या वादात कोणाच्या ध्यानी आली नाही. जो शिक्षक हे जाणतो, तो 52 लिहिणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणणार नाही. तो म्हणेल, “बाजारात अम्मा काय म्हणते? इप्पत्तैदु. मग आधी काय आले?” आणि एका मिनिटात काम होईल. ही युक्ती पाठाच्या टाचणात लिहिलेली नसते. ती शेजाऱ्याच्या भाषेत असते.

ह्यावर कोणी म्हणेल, हा तर सीमाप्रश्नच दुसऱ्या दाराने आणला. तसे नव्हे. महाराष्ट्राचा दावा 2004 सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निवाडा होईल तेव्हा होईल. पहिलीतले मूल मात्र थांबत नाही. 2004 साली पहिलीत बसलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. शिवाय हे कर्तव्य एकतर्फी नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर ह्या तालुक्यांत कानडी बोलणारी मुले आपल्या राज्यात आहेत. बेळगावच्या मराठी मुलासाठी आपण जे मागतो, ते अक्कलकोटच्या कानडी मुलाला दिल्यावाचून आपल्या मागणीला तोंड नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अध्यापक विद्यालयांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, ज्याला मराठी शाळेत शिकवायचे आहे, त्याचे निदान भाषा व गणित ह्यांच्या अध्यापनाचे विषय मराठीतून व्हावेत, आणि कानडी शाळेच्या शिक्षकाचे कानडीतून. दोन, त्याला शेजारची भाषा गोष्ट सांगण्यापुरती आणि बाजार करण्यापुरती आलीच पाहिजे. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने मुलांना कानडी शिकणे बंधनकारक झाले आहे; मुलाला जे ओझे दिले, ते गुरुजींनी आधी स्वतः उचलून पाहावे. तीन, शाळेत घालवायच्या आठवड्यांतले पहिले काही दिवस भावी शिक्षकाने शिकवूच नये. त्याने एक कोरी वही घेऊन मुलांत बसावे आणि ती कशी बोलतात ते लिहून काढावे: भांड्यांची नावे, नात्यांची नावे, रागावण्याचे शब्द, खेळातले आकडे, ‘येतो’ म्हणणाऱ्या मुली. ही बोलीची वही भरल्यावाचून पहिले टाचण काढू देऊ नये.

मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही काय? अवश्य शिकवावी. परीक्षा, अर्ज, वृत्तपत्र, ग्रंथ, सर्वांचे दार तीच उघडते, आणि वखारीतल्या बाईच्या मुलीला त्या दाराची गरज आपल्या घरच्या मुलींपेक्षा अधिक आहे. पण घरची भाषा चूक ठरवून पुस्तकी भाषा शिकवता येत नाही. ‘तू घरी सांगतो म्हणतेस, पुस्तकात सांगते असते, दोन्ही लक्षात ठेव,’ एवढे म्हणायला मला त्या दिवशी किती वेळ लागला असता?

आपल्या जुन्या घराण्यांतून एखादी आत्या किंवा मावशी शिक्षिका नव्हती असे घर विरळा. आताही एखादी नात ह्या अभ्यासक्रमाला जात असेल. पुण्याच्या पाहुण्यासमोर आपल्याच आजीच्या ‘येतो’ला हसण्याची सवय आपल्यालाही आहे, नातीने ती घरातच उचललेली असते आणि वर्गात नेलेली असते. ती सवय आपण सोडली, तर अभ्यासक्रम बदलायची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.

निरीक्षकांच्या छापील तक्त्यात आमच्या वेळी प्रस्तावना, विवेचन, फलकलेखन ह्यांचे रकाने होते. मला आज त्यात आणखी एकच रकाना हवा आहे: ‘मुलाचे उत्तर पुरते ऐकून घेतले काय?’ त्या सकाळी असा रकाना असता, तर मी नापास झालो असतो, आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या मुलीला काय सांगायचे होते, ते कदाचित मला आज ठाऊक असते.