दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी



३० जून २०१७ च्या मध्यरात्री मुंबईचे जकात नाके बंद झाले आणि १ जुलैपासून वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, सुरू झाला. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथे तासन् तास उभ्या राहणाऱ्या ट्रकांच्या रांगा संपल्या. त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मी स्वतः १९९० नंतरची काही वर्षे एका मोठ्या शहरातल्या पार्सल ऑफिसात काढली आहेत. जकातीची पावती फाडल्याशिवाय माल फाटकाबाहेर जात नसे, आणि पावती न फाडताही कधीकधी कसा जाई, हे आम्ही हमाल-कारकून मंडळी रोज पाहत होतो. तेव्हा जकात फार पवित्र होती असे मी म्हणणार नाही.

तरीही मुंबई महापालिकेने या राज्यव्यापी, देशव्यापी कराला विरोध केला होता आणि त्या विरोधात तथ्य होते. जीएसटीची घोषणा २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तेव्हापासून पालिकेपुढे एकच प्रश्न होता : जकातीतून मिळणारे वर्षाचे सुमारे सात हजार कोटी रुपये गेले तर रुग्णालये, शाळा, रस्ते, झाडूवाल्यांचा पगार कशातून चालवायचा? केईएम, शीव, नायर या रुग्णालयांच्या रांगेत आपल्याच चाळीतली, आपल्याच क्वार्टर्समधली माणसे उभी असतात, हे विसरून चालणार नाही. (जाता जाता एक कबुली दिली पाहिजे. घटनेच्या २८५ व्या कलमामुळे आपली रेल्वे महापालिकेला मालमत्ता कर देत नाही, फक्त सेवाशुल्क देते. शहराच्या तिजोरीवर बोलताना आपणही थोडे जपून बोलावे.)

पण "शहराचा विरोध" म्हणजे नेमका कोणाचा विरोध? शहर काही एका आवाजात बोलत नाही. २००५ साली विक्रीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, तेव्हा दुकाने बंद ठेवली ती व्यापाऱ्यांनी. २०१३ साली जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आणायचे ठरले, तेव्हाही शटर ओढली व्यापाऱ्यांनीच. हिशेबाच्या वह्या तपासल्या जातील, ही त्यांची मुख्य भीती होती. त्यांचे सरकारने ऐकले. मुंबईत तो कर आलाच नाही आणि इतर शहरांत ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना त्यातून मोकळे केले. पुढे जीएसटीच्या वेळी महापालिकेचे ऐकले गेले. पालिकेत शिवसेनेची सत्ता होती, राज्यात ती सरकारात भागीदार होती. मे २०१७ मध्ये विधिमंडळाच्या विशेष अधिवेशनात भरपाईचा कायदा झाला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ६४७ कोटींचा पहिला धनादेश पालिकेच्या हाती पडला. दर महिन्याला पैसे, दर वर्षी त्यात आठ टक्के वाढ.

व्यापाऱ्याचे ऐकले, पालिकेचे ऐकले. आपले ऐकायचे राहिले, कारण आपण बोललोच नाही! कामगार संघटनांनी त्या काळात किती ठराव केले? आमच्या शाखेच्या सभांत बदल्या, क्वार्टर्स, रात्रपाळीचा भत्ता हे विषय होते. जीएसटी हा व्यापाऱ्यांचा प्रश्न, असे समजून मीही गप्प बसलो.

वास्तविक कर भरतो कोण? दुकानदार तो सरकारजमा करतो, भरतो गिऱ्हाईकच. साबण घेताना खलाशाला जो दर, तोच जनरल मॅनेजरला. जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या पिठा-तांदळावरही पाच टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये दर कमी केले, अनेक वस्तू स्वस्त झाल्या, हे मान्य केले पाहिजे. पण वरच्या कमाईवर कमी आणि खालच्या ताटावर जास्त भार टाकणारी या कराची जात बदललेली नाही.

आपल्याला महागाई भत्ता मिळतो, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. भत्त्याचा निर्देशांक किरकोळ भावांवर निघतो, त्यात कर येतो, हे खरे. पण भाव आज वाढतो आणि भत्ता जानेवारी-जुलैचा हिशेब होऊन, मंजुरी मिळून, मागाहून येतो. जानेवारी २०२० पासून तर तीन हप्ते गोठवले आणि जून २०२१ पर्यंतच्या अठरा महिन्यांची थकबाकी दिलीच नाही. त्या अठरा महिन्यांत साबणावरचा कर कोणी गोठवला होता काय? आणि आपल्या स्थानकावर झाडू मारणारा कंत्राटी कामगार? त्याला किमान वेतन पुरते मिळाले तरी आपण नशीब समजतो.

आता पालिकेकडे पुन्हा वळतो. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात जकातीच्या भरपाईची रक्कम चौदा हजार कोटींच्या वर आहे. आकडा पाहून वाटेल, पालिकेने सौदा चांगला केला. पण पूर्वी हा पैसा तिचा स्वतःचा होता, आज तो मंत्रालयातून येतो. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची नोंदच राज्यसूचीतून काढून टाकली, म्हणजे परतीचा रस्ताही राहिला नाही. जीएसटी परिषदेत केंद्र बसते, राज्ये बसतात, एकाही शहराला खुर्ची नाही. राज्यांना केंद्राने दिलेली भरपाईची हमी पाच वर्षांची होती, ती जून २०२२ मध्ये संपली. उद्या राज्याचाच हात आखडला तर मुंबई निदान आरडाओरडा करू शकेल. लहान गावांचे काय? राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच गेली, तेव्हापासून त्या अनुदानाची वाट पाहतात, आणि अनुदान लांबले की पहिला थांबतो तो सफाई कामगाराचा पगार.

आमच्या शाखेने पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन मागण्यांचा ठराव ठेवायचे ठरवले आहे : नगरपालिका आणि महापालिकांना जीएसटीच्या वसुलीत कायद्याने ठरलेला हिस्सा मिळावा, आणि पॅकबंद धान्य-पिठावरील कर पूर्ण रद्द व्हावा. टपाल खात्यातील साथींनी आणि महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या बांधवांनी आपल्या शाखेत हा विषय काढावा, आणि आपल्या गावच्या पालिकेत पगार किती तारखेला होतो, तेवढे सफाई कामगारांना विचारून आम्हाला कळवावे.