ब्रेक डिस्कवर गंज? बदलण्याआधी जाडी मोजून घ्या

चार दिवस पावसात उभी असलेली कार बाहेर काढली, की चाकाआड तांबूस डिस्क दिसते. पहिल्याच ब्रेकला खरखर येते आणि मालक थेट गॅरेज गाठतो. तिथे ‘डिस्क गेली’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. बहुतेक वेळा ती गेलेली नसते. डिस्क बिडाची असते. ओल लागली की एका रात्रीतही तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, कमी वेगात चार-सहा वेळा ब्रेक दाबला की पॅडच तो घासून काढतात.

कोकण किनाऱ्यावर मात्र इतके निर्धास्त राहून चालत नाही. खाऱ्या हवेत महिनोन्महिने उभ्या गाडीची डिस्क आतून खाल्ली जाते. थंड डिस्कवर नख फिरवताना खड्डे लागत असतील, ब्रेक दाबताना पेडल थरथरत असेल, तर जाडी मोजायलाच हवी. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. माप न दाखवता हजारोंचे बिल सांगणाऱ्याला तो आकडा जरूर विचारावा. जाडी त्याखाली गेली असेल, तर ‘लेथवर घासून देतो’ हा स्वस्त सल्लाही नाकारावा. डिस्क दोन्ही बाजूंच्या बदलाव्यात, पॅडही नवेच.

गंजावर तेलाचा स्प्रे मारण्याचा उद्योग तर जिवावर बेतू शकतो. पॅडला तेल लागले की ब्रेक धरतच नाही. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस सपाट जागी ठेवायची असेल, तर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत. नाहीतर मागचे ब्रेक गंजून चिकटतात.