ग्रीष्मचर्या सांगताना देशविचार हवा

चैत्र सरू लागला की आपल्या दवाखान्यांच्या फलकांवर ग्रीष्मचर्या झळकू लागते. मधुर, शीत, द्रव व स्निग्ध आहार घ्यावा. लवण, कटु व अम्ल रस, व्यायाम आणि ऊन वर्ज्य करावे, हा वाग्भटांचा उपदेश आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. त्याच्या यथार्थतेविषयी शंका नाही. परंतु तो पेण-रोह्याच्या माणसाला जसाच्या तसा सांगितला जातो, याविषयी मात्र विचार व्हावयास हवा.

वरील वचनात लवण, व्यायाम आणि सूर्यकिरण यांचा निषेध एकत्रच आला आहे. ज्याला सावलीत स्वस्थ बसणे शक्य आहे, त्याने मीठ कमी करावे हे योग्यच. पण हमरापूर-जोहे परिसरातील पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर गणेशमूर्ती घडविणारा कारागीर, वीटभट्टीवरील कातकरी मजूर, किंवा धाटावच्या कारखान्यात बॉयलरजवळ उभा राहणारा कामगार यांना व्यायाम व उष्णता टाळता येत नाही. घामावाटे त्यांच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठही जाते. अशा माणसाला फलकावरील पथ्य म्हणून मीठ सोडावयास लावणे म्हणजे वचनाचा अर्धा भाग घेऊन उरलेला टाकून देणे होय. आपल्या घरातील मीठ-जिरे घातलेले कोकम सरबत अम्लही आहे आणि लवणही. कोकणातल्या कष्टकऱ्याने ते पिढ्यान्‌पिढ्या प्यावे, यात अनुभवाचे शहाणपण आहे. उच्च रक्तदाब व वृक्कविकाराच्या रुग्णांचा विचार अर्थातच वेगळा करावा लागेल.

दुसरा मुद्दा देशाचा. कोकण हा आनूप देश. येथे हवाच ओलसर असल्याने घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. विदर्भात वाळ्याचे ओले पडदे खोली थंड करतात. पेणमध्ये ते लावून सुगंधच अधिक मिळतो! म्हणूनच हवामान खाते मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासून. कुंडलिकेकाठच्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली, तेव्हा देशभर चर्चा झाली. परंतु मला १६ एप्रिल २०२३ चा दिवस अधिक बोलका वाटतो. त्या दिवशी आपल्याच जिल्ह्यात, खारघर येथे, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास उघड्या मैदानात आलेल्या जनसमुदायापैकी १४ जण उष्माघाताने दगावले. तापमान होते ३८ अंशांच्या आसपास. नागपूरकरास हा आकडा किरकोळ वाटेल. आपणांस तो तसा वाटता कामा नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. उन्हाळा लागताच उशीरासव, चंदनासव यांची मागणी वाढते आणि काउंटरवरून ती सरबतासारखी दिली जातात. त्यांत स्वयंनिर्मित मद्यार्क असतो. ग्रीष्मात मद्य पिऊ नये, प्यावेच लागले तर अत्यल्प व पुष्कळ पाणी घालून प्यावे, असे तेच वाग्भट सांगतात. आसव हे औषध आहे. वैद्याने ठरविलेल्या मात्रेत, पाणी मिसळून ते द्यावे. तहानेचा उपाय म्हणून बाटली हाती ठेवू नये. तीच गोष्ट जलसंजीवनीची. एक लिटर पाण्यात विरघळवावयाची पुडी आणि तिच्यासारखे नाव मिरविणारे खोक्यातील गोड पेय यांतील भेद गिऱ्हाइकाला काउंटरवरच सांगितला पाहिजे. खप थोडा कमी होईल, होऊ द्यावा.

आता सर्वांत अवघड विषय. उन्हातून आलेला रुग्ण असंबद्ध बोलत असेल, तोल जात असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल आणि अंग भाजत असेल, तर तो अंशुघात समजावा. अंगास घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. श्रम करता करता कोसळलेल्यास पुष्कळदा घाम असतो. अशा वेळी प्रवाळपिष्टी, कामदुधा यांचा विचार मनात आणू नये, आणि पॅरासिटामॉलचाही आणू नये. हा ज्वर त्याने उतरत नाही. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतावे, पंख्याचा जोराचा वारा द्यावा, बर्फ मिळाल्यास काखेत, मानेशी व जांघेत ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. एकाने हे करीत असतानाच दुसऱ्याने १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा व रुग्णास पेण अथवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात धाडावे. पहिला अर्धा तास निर्णायक असतो, आणि आपल्या महामार्गावर अर्धा तास कसा जातो हे कोणास सांगावयास नको. म्हणून शीतोपचार दवाखान्याच्या पायरीवरच सुरू व्हावा, गाडीतही चालू राहावा.

रुग्ण पुढे पाठविला तर वैद्याची पत जाते, अशी भीती काही तरुण सहकारी खाजगीत बोलून दाखवितात. असाध्य-साध्यतेचा विचार चिकित्सेपूर्वी करावा हे चरकांनीच सांगितले आहे. प्रत्येक दवाखान्यात फाल्गुन संपण्यापूर्वी एक तापमापक, दोन बादल्या, चार चादरी आणि जलसंजीवनीच्या पन्नास पुड्या असाव्यात, असा ठराव आपल्या तालुका शाखांनी येत्या बैठकीत करावा, अशी माझी सूचना आहे.